थ्री फेज नाही, तरी जाग

सकाळी ७
डेअरीवर दूध घालायला अर्धी गल्ली येते, तेव्हा मी तिथंच उभी असते. गावातल्या आशा कार्यकर्तीचं निम्मं काम इथंच होतं. रात्रभर उसाला पाणी पाजून आलेला एक मामा बाटलीभर पाणी उभ्यानं पितो.
"मामा, रात्री कितींदा उठता लघवीला?"
"चारदा तरी. पंपाची थ्री फेज लाइट रात्रीच येतीया, जागाच असतोय की."
"आणि लाइट नसते त्या रात्री?"
मामा किटलीचं झाकण लावत बसतो. मग म्हणतो, "तवा बी उठतोय."
मधुमेहाच्या तपासणीसाठी वहीत त्याचं नाव चढतं. कारण तयार असतं म्हणून लक्षण कुणी मोजत नाही. तहान उन्हाची, थकवा कामाचा, नजर वयाची!

९
घरभेटी. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा असतो: वय, तंबाखू, दारू, कंबर, हालचाल, आईवडिलांना साखर. गुण चारच्या वर गेले की त्याची तपासणी आधी. गाव कर्नाटकात, म्हणून फॉर्म कन्नडात छापलेला, मी विचारते मराठीत.
"आक्का, तंबाखू खाता?"
"न्हाई बया!"
"मिश्री?"
"ती लावतो की. त्यात काय तंबाखू?"
निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात हा प्रश्न दोनदा विचारावाच लागतो. टेप मात्र मी स्वतः लावते. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर, पुरुषांची ९० च्या वर, की गुण वाढला.

११:३०
विड्या वळणारी एक वैनी, हाडाची काडी. "मला कशी साखर? मी तर वाळल्याली." हे मी रोज ऐकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी उभा असलेला फोटो 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२. आपल्याकडं वरून बारीक दिसणाऱ्याच्या पोटातही चरबी असू शकते. वैनीला आकडे सांगत नाही, एवढं शेवटचं सांगते.
पायाला मुंग्या येतात, म्हणे बसून बसून. असतीलही. मी तळवे बघते: टाचेजवळ सुपलीच्या काठानं कापलेलं, महिना झाला तरी ओलंच. तिची लेक पदर सावरते तेव्हा मानेवर काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा दिसतो. "दगडानं घासली ताई, मळ जात न्हाई." तो मळ नव्हेच, अंगात इन्सुलिन नीट लागू पडत नाही, याची ती खूण असू शकते. तिचंही नाव वहीत.
उंबऱ्यापर्यंत सोडायला येते तेव्हा वैनी हळूच बोलते: खाली खाज सुटते, मलम लावलं की जाते, परत येते. खरी गोष्ट नेहमी उंबऱ्यावरच कळते.

दुपारी ३
टोलनाक्याजवळच्या चहाच्या टपरीवर गावातलाच एक ड्रायव्हर. वर्षात दोनदा चष्म्याचा नंबर बदलला. साखर वर-खाली झाली की डोळ्याचं भिंग फुगतं, नजर धूसर होते. नवा चष्मा करण्याआधी साखर बघायला हवी होती. पँटच्या पट्ट्याला नवं भोक पाडलंय, जेवण तेवढंच. हे मला आवडलं नाही. असं वजन उतरताना उलट्या किंवा धाप सुरू झाली, तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना.

४:३०
उपकेंद्रात बोटातून रक्ताचा थेंब. कधीही घेतलेली साखर १४० च्या वर गेली की डॉक्टरांकडं. मशीनच्या आकड्यावर शिक्का मारायचा नसतो. शिरेतल्या रक्ताची तपासणी लागते. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी ६.५ किंवा जास्त, म्हणजे मधुमेह. लक्षणं नसली तर दुसऱ्या तपासणीनं खात्री करतात. उपाशीपोटी १०० ते १२५ हा उंबरठा, इथून माघारी फिरता येतं. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अहवालात देशात दहा कोटींवर मधुमेही आणि १३ कोटींवर उंबरठ्यावरचे होते. पुष्कळांना काहीच जाणवत नाही, म्हणून तर ३० व्या वर्षापासून हा खटाटोप.

संध्याकाळी ७
उद्याच्या रक्ततपासणीच्या यादीतल्यांना फोन. कुणी निपाणीला जाणार, कुणी कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात. वैनीला सांगते, रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही.
"सकाळचा च्या?"
"नाही."
"बिनसाखरेचा?"
"तोही नाही. पाणी प्या हवं तेवढं."
"आणि मिश्री?"
"तीसुद्धा नको, वैनी."