एका चेंडूच्या बारा विहिरी

फेब्रुवारी २०२२. बंगळुरूच्या हॉटेलात आयपीएलचा मोठा लिलाव चाललेला. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरचं नाव पुकारलं गेलं. वय १९ वर्षं ३ महिने, वेस्ट इंडिजमधून १९ वर्षांखालचा विश्वचषक जिंकून आठवडाच झालेला, मूळ किंमत ३० लाख. फलक वर जाऊ लागले आणि हातोडा पडला तो दीड कोटीवर. चेन्नई सुपर किंग्ज!

एकोणीस म्हणजे आपल्याकडे पदवीचं दुसरं वर्ष. या वयात पोरगं बापाकडे मोटारसायकल मागतं आणि बाप म्हणतो, आधी निकाल दाखव.

दीड कोटी म्हणजे नेमके किती, ते आता आपण दोघं मिळून मोजू. आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यात महिना पंचवीस हजारांची नोकरी धरा. वर्षाचे तीन लाख. दीड कोटी जमायला लागतील पन्नास वर्षं, तीही एक पैसा खर्च न करता. चहा नाही, घरभाडं नाही, पोरांची फी नाही! आणि लिलावातला हा आकडा एका हंगामाचा असतो, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांच्या खेळाचा. माणसाची अख्खी नोकरी दोन महिन्यांत उरकली, वर निवृत्तीनंतरची काही वर्षंही गेली.

नोटांनी मोजायचं? पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब. दीड कोटीच्या होतात तीस हजार नोटा. शहरातल्या क्रांती चौकातून एकीला एक लावत जालना रोडनं निघा, साडेचार किलोमीटर जाल. सिडको बसस्थानकाच्या आसपास शेवटची नोट. वजनानं मोजायचं? २०११ नंतरचं रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं. दीड कोटी नाणी म्हणजे जवळपास ५७ टन. मालगाडीची एक वाघीण काठोकाठ!

ही वाघीण लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

कॉलेजातून पोरांना व्यावसायिक खेळात उचलून न्यायची पद्धत मुळात अमेरिकेची. तिथला फुटबॉल म्हणजे तो अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत मारून पळायचा खेळ. पोरं विद्यापीठाकडून खेळतात, शाळा सुटून तीन वर्षं झाली की नाव देता येतं, आणि बरेच जण पदवीचं उरलेलं वर्ष तसंच टाकून ड्राफ्टला, म्हणजे संघांच्या पाळीपाळीच्या निवडीला, उभे राहतात. ३२ संघ, सात फेऱ्या, गेल्या हंगामात सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाला सगळ्यात आधी निवडीचा मान. २०२४ मध्ये हा मान अदलाबदलीतून शिकागोकडे आला होता. त्यांनी उचलला केलेब विल्यम्स, कॉलेजची तीन वर्षं खेळून आलेला. चार वर्षांचा करार, जवळपास ३.९५ कोटी डॉलर. आपल्या पैशात सुमारे ३३० कोटी! वाळूजच्या नोकरीत? अकरा हजार वर्षं. तेवढ्या वर्षांपूर्वी माणूस नुकताच धान्य पेरायला शिकत होता.

ती निवड बघायला डेट्रॉइटमध्ये तीन दिवसांत लोटले पावणेआठ लाख लोक. तिथे सामना नव्हता. मंचावर एक माणूस येतो, चिठ्ठीवरचं नाव वाचतो, जातो. एवढंच! २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या होती पावणेबारा लाख. म्हणजे छत्रपती संभाजीनगरातली तीन माणसांतली दोन घराला कुलूप लावून नावं ऐकायला निघाली, असं समजा.

निवडले किती? २५७. पात्र किती? तिथल्या विद्यापीठीय क्रीडा संघटनेच्या हिशेबानं दर वर्षी साधारण १६ हजार. शंभरात दोनसुद्धा नाहीत. रेल्वेच्या जुन्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ असतात. म्हणजे बावीस-बावीस डब्यांच्या दहा गाड्या भरून पोरं आली आणि आरक्षण निघालं साडेतीन डब्यांचं.

आता आपली गाडी. नोव्हेंबर २०२४, आयपीएलचा जेद्दाहमधला लिलाव. नावं नोंदवली १,५७४ जणांनी. भागा ७२ ने. जवळपास बावीस डबे, एक पूर्ण एक्स्प्रेस! त्यातून विकले गेले १८२, म्हणजे अडीच डबे. त्यातही जवळजवळ एक डबा परदेशी खेळाडूंचा, ६२ जण. अख्ख्या भारताच्या पोरांना उरला पावणेदोन डबा. बाकीची गाडी यार्डात. आणि या गाडीत चढायलाही बहुतेकदा आधी राज्याच्या संघात जागा काढावी लागते, पोरगं १९ च्या आतलं असेल तर तेव्हा किमान एक प्रथम श्रेणी किंवा लिस्ट-ए सामना खेळलेलं असावं लागायचं. पैठणच्या अंकित बावणेनं २००७ मध्ये, १५ व्या वर्षी, महाराष्ट्राकडून पहिला प्रथम श्रेणी सामना खेळला होता, पुढे सात हजारांच्या वर धावा केल्या. फलाटावर वेळेत पोचणं म्हणजे हे असं असतं, तरी बर्थची खात्री नाही.

त्या पावणेदोन डब्यात एक बर्थ मिळाला तेरा वर्षांच्या मुलाला. बिहारचा वैभव सूर्यवंशी, राजस्थान रॉयल्स, एक कोटी दहा लाख! तेरा वर्षं. कॉलेज सोडायचा प्रश्नच नव्हता, अजून दहावी व्हायची होती. बाराव्या वर्षी रणजी खेळून मोकळा. त्याची नाणी ४२ टन, वाघिणीचा दोन तृतीयांश भाग. वाळूजची ३६ वर्षं ८ महिने, म्हणजे वयाच्या पावणेतीन पट पगार. मग २८ एप्रिल २०२५ ला जयपुरात गुजरातविरुद्ध या मुलानं ३५ चेंडूंत शतक ठोकलं आणि ३८ चेंडूंत १०१ करून परतला.

त्याच लिलावात ऋषभ पंत गेला २७ कोटींना. नोटा अंथरा: ८१ किलोमीटर. आपल्या शहरातून निघालात तर जालना मागे टाकून वीसेक किलोमीटर पुढे. नाण्यांच्या वाघिणी सतरा. आणि वाळूजची नोकरी? नऊशे वर्षं! सन ११२५ च्या सुमारास कामावर रुजू व्हायला हवं होतं. यादवांनी देवगिरीला राजधानी केली ती त्यानंतर साठेक वर्षांनी.

संपूर्ण लिलावात दोन दिवसांत उडाले ६३९ कोटी १५ लाख. पाचशेच्या नोटा एक कोटी अठ्ठावीस लाख. एकापुढे एक ठेवल्या तर १,९१७ किलोमीटर. मुंबई-पुणे रेल्वेनं १९२. म्हणजे मुंबईहून पुणे, पुण्याहून मुंबई, अशा पाच फेऱ्या, पूर्ण मार्ग नोटांनी मढवलेला. लोणावळ्याला चिक्की घ्यायला उतरलात तरी पाय गांधीजींवर पडेल!

आयपीएलनं सुरुवातीला अमेरिकेसारखा ड्राफ्टही करून पाहिला होता. २००८ मध्ये विश्वचषक जिंकून आलेल्या १९ वर्षांखालच्या पोरांसाठी लिलाव नव्हता, संघांनी पाळीपाळीनं उचलायचं. दिल्लीनं उचलला प्रदीप सांगवान. दिल्लीचाच दुसरा एक मुलगा बंगळुरूकडे गेला. ठरलेली रक्कम तीस हजार डॉलर, तेव्हाचे साधारण बारा लाख. तो विराट कोहली. २०२५ च्या हंगामासाठी बंगळुरूनं त्याला राखलं २१ कोटींना. १७५ पट! बारा लाखांच्या नोटा ३६० मीटर भरतात, धावपटूच्या ट्रॅकची एक फेरीसुद्धा पुरी होत नाही. २१ कोटींच्या ६३ किलोमीटर. इथून जालना.

एवढा पैसा येतो कुठून? दूरदर्शन संचांतून आणि हातातल्या फोनांतून. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क विकले गेले ४८,३९० कोटींना. सामने धरले ४१०. भागाकार करा: एका सामन्याला ११८ कोटी. सामन्यात दोन्ही डाव मिळून वैध चेंडू जास्तीत जास्त २४०. पुन्हा भागाकार करा, आणि पाणी जवळ ठेवा.

एका चेंडूला ४९ लाख!

गोलंदाज धावत आला, टाकला, फलंदाजानं सोडून दिला, यष्टिरक्षकानं टाळी वाजवली. ४९ लाख. आता मराठवाड्याच्या मापानं. रोजगार हमीतल्या सिंचन विहिरीसाठी राज्य सरकारनं २०२२ मध्ये चार लाखांचं अनुदान ठरवलं. एक चेंडू म्हणजे बारा विहिरी. एक षटक म्हणजे ७३. सामना संपला की २,९५० विहिरी. ७४ सामन्यांचा हंगाम संपेपर्यंत दोन लाख अठरा हजार! मराठवाड्यात गावं साडेआठ हजारांच्या आसपास. गावागणिक पंचवीस विहिरी, आणि तोवर मे महिनाही सरलेला नसतो. पाणी लागेल की नाही हा वेगळा मुद्दा, आपण फक्त खड्डे मोजतोय.

हा चेंडूचा भाव हातात आला की बाकीचे खेळ बघायला मजा येते. २०२३ च्या प्रो कबड्डी लिलावात पवन सेहरावत गेला २ कोटी ६० लाख ५० हजारांना. कबड्डीतला विक्रम, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. क्रिकेटच्या चेंडूंत? सव्वापाच. षटकसुद्धा पुरं होत नाही! आपल्याकडची महाराष्ट्र प्रीमियर लीग त्याच वर्षी सुरू झाली, तिच्यात आपल्या शहराच्या नावाचा संघ आला, छत्रपती संभाजी किंग्ज. पहिल्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीत होते वीस लाख. सगळ्यात महाग गेला नौशाद शेख, कोल्हापूरकडे, सहा लाखांना. २०२५ च्या हंगामाला आयपीएलच्या संघाची थैली होती १२० कोटींची, म्हणजे सहाशे पट. एमपीएलची वीस लाखांची थैली म्हणजे आयपीएलचा अर्धा चेंडूही नाही. चेंडू हातातून सुटून खेळपट्टीच्या मध्यावर पोचेपर्यंत संघ विकत घेऊन झाला.

वैभवनं खेळलेल्या त्या ३८ चेंडूंचा प्रक्षेपण-भाव निघतो १८ कोटी ६८ लाख. त्याला हंगामाचे मिळाले एक कोटी दहा लाख. पोरगं महाग मिळालं की स्वस्त, हे मला अजून ठरवता येत नाही. पण माझा कल स्वस्तकडे आहे.

राजवर्धनचं पुढे काय झालं तेही आकड्यांतच सांगतो. २०२२ चा हंगाम बाकावर गेला. पहिला सामना मिळाला ३१ मार्च २०२३ ला, अहमदाबादेत, गुजरातविरुद्ध. ३६ धावांत तीन बळी! आणि जेद्दाहच्या लिलावात लखनौनं घेतलं ते मूळ किमतीला, ३० लाखांना. आधीच्या एक पंचमांश. एका चेंडूच्या भावाहून कमी, साडेसात विहिरी. तरी वाळूजची दहा वर्षं आहेतच, एका उन्हाळ्यात. हा बाजार असाच आहे: वर जाताना पाच पट, खाली येतानाही पाच पट, आणि मधलं वय जेमतेम तीन वर्षांचं. कॉलेजची पदवी घ्यायला लागतात तेवढीच.

आता ती वाघीण पुढे आणा. ४८,३९० कोटींची सगळी रुपयाची नाणी करू. आधी नोटांचं उरकून टाकू: पाचशेच्या नोटा एक लाख पंचेचाळीस हजार किलोमीटर, पृथ्वीला साडेतीन वेढे. रोज मुंबई-पुणे जाऊन-येऊन केलंत, दिवाळीलाही सुट्टी घेतली नाहीत, तर वर्ष संपेल आणि वर बारा-तेरा दिवस प्रवास उरेल. हे झालं कागदाचं. नाण्यांचं वजन भरतं १८ लाख ३४ हजार टन! एका वाघिणीत ६० टन, एका मालगाडीला ५८ वाघिणी. गाड्या लागतील सव्वापाचशेच्या वर. एकेक गाडी साडेसहाशे मीटर लांब. एकामागे एक उभ्या करा. शेवटचा डबा आपल्या स्टेशनात, पुढे लासूर, मनमाड, नाशिक, कसारा घाट उतरून कल्याणही मागे पडलं, आणि पहिलं इंजिन ठाण्याच्या आसपास शिट्टी मारतंय. मधल्या सगळ्या फाटकांवर पाच वर्षं गेट बंद!

आणि ही नाणी वेरुळला नेऊन ओतली तर? कैलास लेणं कोरताना वरून खाली दोन लाख टन खडक फोडून काढला असं सांगतात. आठव्या शतकात, छिन्नी-हातोड्यानं. आपला ढीग १८ लाख ३४ हजार टनांचा. नऊ कैलास! त्याआधीच्या पाच वर्षांचा करार होता १६,३४७ कोटी ५० लाखांचा, म्हणजे तीन कैलासांचा. एका उडीत तीनाचे नऊ झाले. हा करार २०२७ ला संपतो. पुढची उडी तेवढीच पडली तर सत्तावीस होतील. वेरुळात लेणी आहेत चौतीस, म्हणजे अजून सातांची जागा शिल्लक राहील.