घरच्या मशीनवर कशिदा : एक प्लेट, एक फूट आणि एक रिंग

रमजान लागला की नगरच्या कापडबाजारापासून झेंडीगेट, मुकुंदनगरपर्यंत शिलाईच्या मशीनचा आवाज रात्री उशिरापर्यंत चालू असतो. ईद झाली, लग्नसराई ओसरली की त्याच मशीनवर कापड झाकून ठेवले जाते. मग पुढच्या हंगामाची वाट पाहणे आले. अशा रिकाम्या दिवसांत अनेक टेलरबंधू आणि घरी शिलाई करणाऱ्या भगिनी आम्हाला एकच प्रश्न विचारतात : "भरतकामाचा धंदा सुरू करायचा आहे, तर कोणती मशीन घ्यावी?"

आमचे उत्तर असे की, तूर्त कोणतीच घेऊ नये. घरात जी साधी काळी मशीन आहे, तिच्यावरच भरतकाम होते. त्यासाठी तीन लहान वस्तू लागतात : दाते झाकणारी प्लेट, स्प्रिंगचा फूट आणि रिंग. एक-दोन साध्या ब्लाउजच्या शिलाईच्या पैशांत त्या तिन्ही येतात. या वस्तू काम कशा करतात, काम कसे शिकावे आणि त्यातून मजुरी कशी सुटते, हे आज आम्ही सांगणार आहोत.

साध्या अवजाराला छोटी जोड देऊन काम वाढवण्याची गोष्ट अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) नवी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल हे इंजिनिअर मिशनरी याच शहरात विणकरांचा हातमाग सुधारण्याच्या खटपटीत होते. माग विणकराच्या हातीच राहावा, पण कापड जास्त निघावे, हा त्यांचा हेतू होता. आपल्या मशीनच्या जोडणीचा हेतूही तोच आहे.

मशीन कापड का ओढते?

आधी मशीनची चाल समजून घेऊ. सुईच्या खाली प्लेटमधून जे बारीक दाते वर येतात, ते प्रत्येक टाक्याला कापड मागे सरकवतात. वरून फूट कापड दाबून धरतो. त्यामुळे टाका सरळ आणि एकसारखा पडतो. शिलाईला हे चांगले, पण भरतकामात अडचण होते. फूल काढायचे तर कापड डावीकडे, उजवीकडे, गोल असे कसेही फिरले पाहिजे, आणि दाते ते फिरू देत नाहीत.

म्हणून दाते बाजूला करायचे. काही मशीनमध्ये दाते खाली नेण्याचा खटका किंवा स्क्रू असतो. जुन्या काळ्या मशीनमध्ये बहुधा तो नसतो. तेथे दात्यांच्या वर बसणारी प्लेट लावतात. मधोमध सुईसाठी भोक असते आणि दाते तिच्याखाली झाकून जातात. सोबत टाक्याची लांबी शून्यावर आणावी, म्हणजे दाते जागच्या जागी राहतात.

ही प्लेट मुळात रफूसाठी निघाली. फाटलेले मोजे, चादरी यांवर मागे-पुढे टाके मारून भोक बुजवण्यासाठी ती वापरीत. त्याच प्लेटवर नक्षीही काढता येते, हे लोकांच्या लवकरच ध्यानात आले. अमेरिकेतील आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंगर कंपनीने साध्या मशीनवर कलाकुसरीचे भरतकाम शिकवणारी पुस्तकेही काढली. तेव्हा मशीन पायाची होती आणि टाका सरळच पडत असे. म्हणजे आज आपल्या घरात जशी आहे, तशीच.

स्प्रिंगचा फूट कशासाठी?

फूट अजिबात न लावताही भरतकाम करता येते आणि मुरलेले कारागीर तसेच करतात. पण सुई वर येताना कापडही तिच्याबरोबर उचलले जाते. मग टाके सुटतात, दोरा तुटतो, सुई मोडते. शिवाय बोट सुईखाली जाण्याचा धोका असतो. स्प्रिंगचा फूट सुईबरोबर वर-खाली होतो. सुई कापडात असताना तो कापड दाबतो आणि सुई वर गेली की सोडतो. त्या क्षणात आपण रिंग सरकवायची. नवशिक्याने हा फूट अवश्य लावावा.

दुकानात जाताना आपल्या मशीनचा रोजचा फूट काढून सोबत न्यावा. फुटाची दांडी आखूड व लांब अशी दोन प्रकारची असते. चुकीची आणली तर ती बसत नाही. प्लेटचेही तसेच आहे. मशीनचा मेक आणि प्लेटचे स्क्रू कोठे आहेत, हे दुकानदाराला दाखवून मगच घ्यावी.

बाजारात 'झिगझॅग अटॅचमेंट' या नावाची एक मोठी वस्तूही मिळते. ती फुटाच्या जागी बसते आणि तिचा चिमटा सुईच्या स्क्रूवर अडकतो. सुई जागेवरच राहते, अटॅचमेंट कापडाला डावी-उजवीकडे हलवते. कडा बांधणे, कापडावर कापडाचे फूल लावणे, सरळ बॉर्डर यासाठी ती उपयोगी आहे. मनासारखी वेल किंवा नाव तिने निघत नाही. त्यासाठी प्लेट आणि रिंगच हवी.

काम कसे सुरू करावे?

पहिली गोष्ट, हाताने चाक फिरवायची मशीन येथे चालत नाही. दोन्ही हात रिंगवर लागतात, म्हणून मशीन पायाची किंवा मोटरची हवी. शिकताना पायाची बरी, कारण वेग आपल्या पायात असतो.

दुसरी गोष्ट, रिंग उलटी लावायची. हाताच्या भरतकामात कापड रिंगच्या वरच्या तोंडाशी असते. मशीनच्या कामात ते खालच्या तोंडाशी, प्लेटला टेकून असले पाहिजे. मोठी रिंग टेबलावर ठेवावी, तिच्यावर कापडाची सुलटी बाजू वर करून पसरावी आणि लहान रिंग वरून आत दाबावी. कापड डफासारखे ताठ हवे. लहान रिंगला सुती पट्टी गुंडाळली तर कापड निसटत नाही. रिंगची उंची कमी असावी, नाहीतर ती सुईखालून आत जात नाही. पहिल्या सरावाला पाच-सहा इंचांची रिंग पुरे.

तिसरी गोष्ट दोरा. वर भरतकामाचे रेशीम, बॉबिनमध्ये बारीक दोरा. वरचे टेन्शन शिलाईपेक्षा थोडे सैल ठेवावे, म्हणजे खालचा दोरा वर दिसत नाही. पातळ कापडाला अकरा नंबरची सुई, जाडाला चौदा. सुरुवातीला चाक हाताने एकदा फिरवून बॉबिनचा दोरा वर काढून घ्यावा आणि दोन्ही टोके धरून पहिले दोन-तीन टाके जागेवरच मारावेत.

चौथी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. फूट लावलेला असो वा नसो, फुटाचा मागचा खटका खाली पाडलाच पाहिजे. तो खाली आल्याशिवाय वरच्या दोऱ्याला टेन्शन लागत नाही आणि कापडाखाली दोऱ्याचे जाळे तयार होते. आम्ही स्वतः पहिल्या दिवशी हीच चूक केली, वर तीन सुयाही मोडल्या, आणि दोष मशीनला दिला.

आता टाक्याची लांबी मशीन ठरवत नाही, आपला हात ठरवतो. मशीन एका लयीत चालवावी आणि रिंग सावकाश सरकवावी. रिंग झटक्याने ओढली की टाका लांब पडतो, सुई वाकते आणि प्लेटवर आपटून मोडते. बोटे रिंगच्या कडेवर ठेवावीत, सुईजवळ नेऊ नयेत.

सरावाची सोपी युक्ती सांगतो. सुईतला दोरा काढून रेघांच्या वहीचा कागद प्लेटवर ठेवावा आणि रेघेवरून सुई चालवावी. भोके रेघेवर पडू लागली की वर्तुळ, मग पान, मग आपले नाव. त्यानंतर सुती कापडावर दोऱ्याने. भरीव पाकळीसाठी रिंग डावी-उजवीकडे हलवत टाके जवळजवळ टाकावे लागतात. रोज अर्धा तास दिला तर हात हळूहळू बसतो. यात घाई करून उपयोग नाही.

नक्षी उतरवण्याची पद्धत आपल्या कारागिरांना ठाऊक आहेच. ट्रेसिंग कागदावर नक्षी काढून सुईने भोके पाडावीत. असा खाका एकदा केला की अनेक वेळा वापरता येतो. घासलेटमध्ये नीळ कालवून, कापडाच्या बोळ्याने खाक्यावर पुसावे. काळ्या कापडावर पांढरी पावडर वापरावी. बुरख्याचे निसरडे कापड किंवा जॉर्जेट असेल तर खाली पातळ कागद लावावा, काम झाल्यावर तो फाडून टाकावा.

दोरा सारखा तुटत असेल तर वरचे टेन्शन, जुना दोरा आणि सुई उलटी बसली आहे का, हे क्रमाने पाहावे. टाके सुटत असतील तर कापड ढिले आहे किंवा सुई बोथट आहे. खालचा दोरा वर दिसत असेल तर वरचे टेन्शन जास्त आहे. मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी एवढे तपासले तर बराच खर्च वाचतो.

मजुरीचा हिशोब

आता मुख्य प्रश्न. सुरतसारख्या ठिकाणच्या कारखान्यांत अनेक डोक्यांची कॉम्प्युटर मशीन एकच नक्षी एकाच वेळी अनेक कापडांवर भरते. त्या कामाशी आपली काळी मशीन मीटरच्या भावात स्पर्धा करू शकत नाही. ज्याने ही स्पर्धा धरली, त्याची मेहनत स्वस्त झाली. अनेक घरांत हेच घडते. व्यापारी बाजारातील तयार लेसचा भाव दाखवतो आणि त्या भावात घरच्या बाईने हाताने काम करावे, असे म्हणतो.

म्हणून वेळ लिहून ठेवण्याची सवय लावावी. समजा, ब्लाउजच्या दोन बाह्यांच्या कामाला ४ तास लागले आणि रेशीम, सुई, तेल, वीज मिळून ४० रुपये खर्च झाले. व्यापाऱ्याने १५० रुपये दिले, तर हातात ११० उरले. म्हणजे तासाला साडेसत्तावीस रुपये. हात बसल्यावर तेच काम अडीच तासांत झाले, तर तासाला ४४ रुपये पडतात. आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपले लिहावेत. वहीत वेळ लिहिलेला नसेल तर आपण नफ्यात आहोत की फुकट राबतो आहोत, हे कळणार नाही आणि भाव बोलताना हातात काही नसेल.

मोठ्या मशीनला जे परवडत नाही, ते काम आपण धरावे. एकच नग, तोही गिऱ्हाइकाच्या मापाचा. शिवून झालेल्या बुरख्याच्या बाहीवर लहानशी वेल. ओढणीच्या एका कोपऱ्याला फूल. मुलाच्या टोपीवर किंवा दप्तरावर नाव. साडीच्या काठाला जुळणारी ब्लाउजची बाही. पिको-फॉलचे काम जेथे येते, तेथे हे गिऱ्हाईक आपोआप येते. फक्त दुकानाबाहेर चार नमुने टांगलेले हवेत.

आणि रफू विसरू नये. पँटचा गुडघा, शाळेचा गणवेश, जळलेली चादर, फाटलेली जीन्स हे काम हंगाम पाहत नाही. प्लेट ज्या कामासाठी निघाली, तेच काम रिकाम्या महिन्यांत चूल पेटती ठेवते. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव, शेवगाव अशा बाजाराच्या गावांतही ते मिळू शकते, त्यासाठी नगरला येण्याची गरज नाही.

कर्जाबाबत दोन शब्द

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत आणि त्यांत शिंपीकामही आहे. त्यात प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात १ लाख, दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज, अशी तरतूद आहे. येथे लक्षात ठेवावे की अवजारांची मदत वेगळी आहे आणि कर्ज वेगळे. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको आहे, त्यांनी कर्ज न घेता प्रशिक्षण व अवजारांपुरताच विचार करावा. कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो, म्हणून अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हे घरात बसून ठरवावे. नोंदणीची सद्यःस्थिती सेवा केंद्रात विचारूनच कागदपत्रे न्यावीत.

कर्ज काढून महागडी भरतकामाची मशीन आणणाऱ्यांना आमची एकच विनंती आहे. आधी सहा महिने प्लेट आणि रिंगवर काम करावे. गिऱ्हाईक कोण, ते काय मागते आणि किती देते, हे वहीत दिसू लागेल. वही सांगत असेल की काम हाताबाहेर चालले आहे, तर मोठी मशीन अवश्य घ्यावी. वही तसे सांगत नसेल, तर हप्ते भरण्याची चिंता तरी डोक्यावर येणार नाही, आणि शिकलेला हुनर कोठेही जाणार नाही.

तेव्हा झाकून ठेवलेल्या मशीनवरचे कापड काढा, दात्यांतील कचरा ब्रशने साफ करा, दोन थेंब तेल घाला आणि रेघांची वही घेऊन बसा. पहिली वेल वाकडीच येईल. ती फेकू नका, जपून ठेवा. सहा महिन्यांनी दुकानाबाहेर नमुने टांगताना तिच्याशेजारी नवी वेल ठेवून पाहा, किती मजल मारली ते दिसेल.