लेण्याद्रीच्या पायऱ्या आणि हृदयाचा ठोका

लेण्याद्रीच्या तीनशेच्या घरातल्या पायऱ्या चढताना धाप लागते, ती फुप्फुसं लहान म्हणून नव्हे. मांड्यांना लागणारं रक्त पोचवताना हृदय कमी पडतं म्हणून, निदान निरोगी माणसात तरी. नियमित दमदार चालण्याने फुप्फुसं वाढत नाहीत, पण श्वासाचे स्नायू चिवट होतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं आणि बसल्या जागची नाडी संथ होते. संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसचे बसून राहणारे चालक आणि दिवसभर जिने चढणारे वाहक ताडून पाहिले; वाहकांना हृदयविकार कमी होता. वाहक मुळातच सडपातळ असतील, हा आक्षेप रास्त होता. मॉरिस यांनी गणवेशांची मापं तपासली, तरी फरक उरलाच.

‘शेतात राबणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला?’ हा जुन्नर-आंबेगावातला प्रश्नही रास्त आहे. टोमॅटोची तोडणी कष्टाचीच, पण त्यात वाकणं, थांबणं, क्रेट उचलणं जास्त. चढलेली नाडी फार वेळ टिकत नाही. शिवाय आता पाणी मोटरने येतं, बाजार दुचाकीने होतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते: बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतका. छातीत दुखत असेल, तर शिवनेरीची चढण डॉक्टरांना विचारूनच.