कच्ची अडत, पक्की अडत आणि प्राप्तिकरातील उलाढाल
(खामगावच्या बाजारपेठेच्या अनुषंगाने)

स्वतंत्र धंदा करणाऱ्या मनुष्यावर कर किती बसावा हा प्रश्न सामान्यतः नफ्याचा मानला जातो. परंतु त्याच्या आधी एक प्रश्न उभा असतो, तो असा की, त्याची म्हणून जी उलाढाल धरावयाची ती कोणती? दुसऱ्याचा माल व दुसऱ्याचा पैसा ज्याच्या हातून जातो त्या मध्यस्थाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर त्याच्या परवान्यात सापडत नाही, ते त्याच्या वह्यांत सापडते. बुलढाणा जिल्ह्यातील अडतीचा व्यवहार हे याचे उत्तम उदाहरण होय.

जलंब ते खामगाव हा लोहमार्गाचा फाटा १८७० साली सुरू झाला आणि खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची एक अग्रगण्य पेठ बनली. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. १९७२ पासून सुमारे तीन दशके राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी चालू असल्यामुळे कापसातील खाजगी व्यवहारास फारसा वाव उरला नाही, आणि अडत मुख्यतः धान्य, कडधान्ये व तेलबिया यांच्या आधारे चालली. माल बदलला, तथापि अडतीचे जे दोन प्रकार पेढ्यांवर रूढ होते ते कायम राहिले.

कच्चा अडत्या हा केवळ दलालाच्या भूमिकेत असतो. शेतकरी व खरेदीदार यांच्यात तो करार घडवून आणतो, ठरलेली अडत घेतो, आणि भावाच्या चढउतारातील नफातोटा त्याला शिवत नाही. पक्का अडत्या हा दोन्ही बाजूंशी स्वतः धनी या नात्याने बांधलेला असतो. सौदा पुरा करण्याची जबाबदारी त्याची, आणि प्रसंगी स्वतःजवळचा माल देऊन तो ती पुरी करू शकतो. व्यापाऱ्यांनी केलेला हा भेद न्यायालयांनी मान्य केला व अखेर करप्रशासनानेही तो उचलला. १९८४ च्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकर कायद्यात कलम ४४ एबी घालून चाळीस लाखांवरील उलाढालीस लेखापरीक्षण सक्तीचे केले, तेव्हा अडत्याची उलाढाल कोणती हा वाद उपस्थित झाला. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १७ मार्च १९८६ च्या ४५२ क्रमांकाच्या परिपत्रकाने असा खुलासा केला की, कच्च्या अडत्याच्या बाबतीत उलाढाल म्हणजे केवळ त्याची एकूण अडत, तर पक्क्या अडत्याच्या बाबतीत विक्रीची संपूर्ण किंमत.

या भेदाचे परिणाम किती दूरवर जातात ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा, एका अडत्याच्या हातून वर्षात ५ कोटी रुपयांचे सोयाबीन विकले गेले व अडतीचा दर शेकडा २ आहे. तो कच्चा अडत्या असेल तर त्याची उलाढाल १० लाख रुपये होते; पक्का असेल तर ५ कोटी. लेखापरीक्षणाची मर्यादा पुढे १ कोटी झाली. जमा व खर्च या दोन्ही बाजूंस रोखीचे प्रमाण शेकडा ५ हून अधिक नसेल तर ती १० कोटी धरतात. परंतु जेथे शेतकऱ्यांचे चुकारे रोखीने होतात, तेथे ही सवलत पक्क्या अडत्याच्या हाती लागणे कठीणच. १९६१ च्या कायद्यातील कलम २७१ बी प्रमाणे लेखापरीक्षण चुकविल्याचा दंड उलाढालीच्या शेकडा अर्धा, कमाल दीड लाख रुपये. म्हणजे १० लाख मिळकतीचा मनुष्य केवळ वर्गीकरण फिरल्यामुळे दीड लाखाच्या दंडास पात्र ठरू शकत होता!

येथे कोणी विचारील की, लहान धंदेवाल्यांसाठी असलेली अनुमानित नफ्याची सोय, कलम ४४ एडी, त्याने का घेऊ नये? त्या कलमात उलाढालीच्या शेकडा ८, व बँकेमार्फत आलेल्या रकमेवर शेकडा ६, नफा गृहीत धरला की बारीक हिशेबांतून सुटका होते. परंतु दलाली वा अडत हेच ज्याचे उत्पन्न आहे त्याला त्याच कलमाने वगळले आहे. विमा प्रतिनिधीचीही हीच स्थिती. जो स्वतःला कच्चा म्हणवितो त्याला वह्या ठेवल्यावाचून गत्यंतर नाही. कलम ४४ एए प्रमाणे व्यक्तीच्या बाबतीत अडीच लाखांवर उत्पन्न वा पंचवीस लाखांवर उलाढाल गेली की त्या सक्तीच्याच होतात. १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यात या तरतुदी कलमे ५८, ६२ व ६३ मध्ये आल्या आहेत.

मग वहीत नेमके काय दिसावयास हवे? जुन्या पद्धतीत रोजचा व्यवहार कीर्दीत व त्यावरून प्रत्येकाचे खाते खतावणीत, अशी व्यवस्था होती आणि ती आजही पुरेशी आहे. मालाची किंमत शेतकऱ्याच्या नावे जमा व खरेदीदाराच्या नावे खर्च पडावी. हमाली, तोलाई व अडत पट्टीवर वेगळी दाखवावी. अडत्याच्या स्वतःच्या उत्पन्नखाती फक्त अडत जावी. शेतकऱ्यास दिलेल्या उचलीवरील व्याज मात्र त्याचे स्वतःचे उत्पन्न आहे, ते पट्टीत लपवून चालत नाही. खरी अडचण मधल्या व्यवहारांत येते. भाव पडलेला असता अडत्या माल ठरीव दराने स्वतः ठेवून घेतो व महिन्याभराने चढ्या भावाने विकतो. वहीत अडत लिहिलेली असली तरी तेवढ्या मालापुरता तो धनी झाला, आणि तेवढा व्यवहार वेगळ्या खात्यात न गेल्यास उरलेल्या शुद्ध अडतीवरही संशयाची छाया पडते. वस्तू व सेवा कराच्या ४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकातील कसोटीही याच जातीची आहे: बीजक कोणाच्या नावे निघाले? शतकभरापूर्वी पेढीवर विचारला जाणारा प्रश्न नव्या कायद्याने नव्या शब्दांत विचारला इतकेच.

वर्षाच्या बाबतीत मात्र कायद्याने पेढीचे ऐकले नाही. पूर्वी दिवाळी ते दिवाळी हे हिशेबी वर्ष करासाठीही चालत असे. कापसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होई, त्यामुळे गोदाम जवळजवळ रिकामे असता वही मिटे व मालाची मोजदाद सोपी जाई. १ एप्रिल १९८९ पासून सर्वांना मार्चअखेर हेच वर्ष लागू झाले. वहीपूजन दिवाळीतच राहिले, परंतु बाकी काढावयाची ती तूर व हरभरा बाजारात येत असता, अर्धे चुकारे बाकी असता.

वहीचे पुराव्याच्या दृष्टीने मूल्य किती, हेही जाणून घेणे अगत्याचे आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वह्यांतील नोंदी ग्राह्य होत्या, पण केवळ त्यांच्या बळावर कोणावर देणे लादता येत नसे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने हीच तरतूद कलम २८ मध्ये ठेवली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली शुक्ल खटल्यात सुटे कागद म्हणजे वही नव्हे असे स्पष्ट केले. म्हणून खिशातील चिठ्ठ्यांवर चालणारा सौदा, तो कितीही प्रामाणिक असो, कच्च्या अडतीचा दावा सिद्ध करण्यास अपुरा पडतो. त्याला शेतकऱ्याची सही असलेली पट्टी, बाजार समितीची नोंद व बँकेचा उतारा यांची जोड लागते.