कुटुंबाची सायंप्रार्थना

सुरत शहराच्या पूर्वेकडील गोडादरा या वस्तीत दिवेलागणीच्या वेळी एक ठराविक दृश्य दिसते. यंत्रमागाची पाळी बदलत असते. दिवसपाळीची माणसे डबे हलवीत घरी परततात, तर रात्रपाळीची माणसे घाईघाईने बाहेर पडतात. घराघरांतून स्त्रिया साड्यांना खडे चिकटविण्याचे किंवा धागे कापण्याचे काम आवरून चुलीकडे वळतात. ताप्तीच्या काठाकाठाने येणाऱ्या रेल्वेने खानदेशातून आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून इकडे पोट भरावयास आलेली मराठी कुटुंबे या वस्तीत पुष्कळ आहेत. त्यांत थोडी ख्रिस्ती घरेही आहेत. अशा एका खोलीच्या संसारात कुटुंबाची प्रार्थना कशी चालते, ती का करावयाची आणि ती कोठे अडते, याचा आज आपण विचार करू.

पुष्कळांचा समज असा की, ख्रिस्ती माणसाची उपासना म्हणजे रविवारची मिस्सा. मिस्सा हे आमच्या उपासनेचे शिखर आहे, यात शंका नाही. परंतु इतिहास पाहिला तर ख्रिस्ती उपासनेने प्रथम घरातच मूळ धरले. इसवी सन ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात धर्मस्वातंत्र्य मिळेपर्यंत श्रद्धावंत बहुतकरून एकमेकांच्या घरीच जमत. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात अक्विला व प्रिस्किला या दांपत्याला आणि त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम पाठविला आहे. हे जोडपे कोण होते? तंबू शिवणारे कारागीर. क्लौद्य बादशहाच्या हुकुमामुळे रोम सोडून त्यांना करिंथ गाठावे लागले होते. परमुलखात जाऊन हाताच्या कसबावर जगणाऱ्या माणसांचे घर हे पहिल्या प्रार्थनामंदिरांपैकी एक ठरले, ही गोष्ट गोडादऱ्यातील माणसाने मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

याच जुन्या जाणिवेला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पुन्हा उजाळा दिला. १९६४ साली ख्रिस्तसभेविषयी काढलेल्या दस्तऐवजात परिषदेने कुटुंबाला ‘घरगुती ख्रिस्तसभा’ म्हटले, आणि आईबाप हेच मुलांचे पहिले धर्मशिक्षक होत, असे सांगितले. त्याच्या आदल्या वर्षी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, उपासनेत लोकभाषा वापरण्याची वाट याच परिषदेने मोकळी केली होती. तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होई. तथापि मराठी भक्ताचे मन त्याआधीही आपल्या भाषेत देवाशी बोलत होतेच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. पुढे प्रॉटेस्टंट पंथाचे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग, भजन व कीर्तन यांना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. ती गीते आज पंथभेद न मानता गायिली जातात.

आता प्रत्यक्ष प्रार्थनेकडे वळू. कॅथलिक घरातील संध्याकाळची मुख्य प्रार्थना म्हणजे पवित्र रोझरी. तिचा क्रम सोपा आहे. माळेत पाच दशके असतात. प्रत्येक दशकाच्या आरंभी एकदा प्रभूने शिकविलेली प्रार्थना, नंतर दहा वेळा ‘नमो मारिया’ आणि शेवटी एकदा त्रैक्याचा गौरव म्हणावयाचा. प्रत्येक दशकासोबत ख्रिस्ताच्या अथवा त्याच्या मातेच्या जीवनातील एका प्रसंगाचे, म्हणजेच एका रहस्याचे, चिंतन करावयाचे असते. पूर्वी आनंदाची, दुःखाची व गौरवाची अशी पंधरा रहस्ये होती. दीडशे स्तोत्रे ज्यांना वाचता येत नसत, अशा साध्या माणसांनी दीडशे वेळा ‘नमो मारिया’ म्हणावे, असा तो जुना हिशेब. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्ये त्यांत जोडली. तेव्हापासून सोमवारी व शनिवारी आनंदाची, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, बुधवारी व रविवारी गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची रहस्ये म्हणण्याचा प्रघात आहे. ऑक्टोबर हा तर रोझरीचाच महिना होय.

परंतु क्रम ठाऊक असला म्हणजे प्रार्थना साधली, असे मात्र नाही. पहिली अडचण वेळेची. बाप रात्रपाळीला निघतो तेव्हा मोठा मुलगा शिकवणीहून आलेला नसतो. दुसरी अडचण भाषेची. या प्रांतात चर्चची उपासना प्रामुख्याने गुजरातीत होते, मुले शाळेत गुजराती किंवा इंग्रजी शिकतात, आणि आजीची माळ मात्र मराठीतच फिरत असते. नातवाला तिचे अर्धे शब्द कळत नाहीत आणि आजीला नातवाचे. प्रार्थनेची भाषा तुटली म्हणजे दोन पिढ्यांमधला एक धागाच तुटतो.

तिसरी अडचण मी माझ्याच घरात निर्माण केली होती. मी व्यवसायाने शिक्षक. माळ हाती घेतली तरी माझ्यातला मास्तर जागाच असे. कोण डुलकी घेतो, कोणाचा उच्चार चुकतो, याकडेच माझे लक्ष. एके संध्याकाळी पेंगणाऱ्या धाकट्याच्या पाठीत मी धपाटा घातला. तो रडू लागला. माझी आई माळ मांडीवर ठेवून शांतपणे म्हणाली, “अरे, तू लेकरांना देवापुढं बसवतोस की परीक्षेला?” मला उत्तर सुचले नाही. वेदीपाशी दान आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, अशी प्रभूची आज्ञा मी वर्गात कितीदा तरी शिकविली होती! त्या रात्री उरलेली दशके राहू दिली आणि मुलाला जवळ घेतले. माझ्या मते त्या दिवशीची प्रार्थना अपुरी राहिली नाही.

या घरगुती उपासनेची खरी कसोटी २०२० साली लागली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला, उत्तम शुक्रवार १० तारखेला आणि ईस्टर १२ तारखेला आला. पण चर्चची दारे बंद होती. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील संत पेत्राच्या रिकाम्या चौकात, पावसात प्रार्थना केली, ते दृश्य जगाने पाहिले. माग थांबलेले, मजुरी बुडालेली, गावी जाण्याची वाट बंद. ज्या घरात माळ रोज फिरत होती, त्या घराला त्या दिवसांत निदान बसावयास एक जागा आणि बोलावयास शब्द होते. ज्या घराने सर्व उपासना चर्चवर सोपविली होती, ते मात्र गोंधळून गेले. विहीर तहान लागण्यापूर्वीच खणावी लागते.

म्हणून शेवटी थोडे व्यवहाराचे बोल. पाचही दशके जमत नसतील तर एकच म्हणा. पण बाप घरातून निघण्यापूर्वी म्हणा. एक दशक आजीच्या मराठीत आणि एक नातवाच्या गुजरातीत होऊ द्या; देवाला दोन्ही कळतात. प्रत्येक दशकाआधी एकाचे नाव घ्या: आजारी शेजाऱ्याचे, गावी राहिलेल्या भावाचे, काम सुटलेल्या मित्राचे. शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याचे नाव घ्यावयास आडकाठी नाही. आणि दिवसात कोणाला टाकून बोललो असू, तर माळ उचलण्यापूर्वी त्याची क्षमा मागा.

आमचा धाकटा आता मोठा झाला आहे. अजूनही कधी कधी तो चौथ्या दशकात पेंगतो. त्याच्या हातातली माळ गळून पडू नये, म्हणून आजी ती हळूच धरून ठेवते, आणि आम्ही पुढे म्हणत राहतो.