स्मृतिभ्रंश, परिचर्या आणि विमा

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे आप्त औषध घेऊन उठतात आणि विचारतात, ‘याचा खर्च विम्यातून निघेल काय?’ उत्तर देण्यापूर्वी खर्च नेमका कशाचा, हे पाहिले पाहिजे. आमच्या अनुभवात औषधांचा वाटा त्यात थोडाच असतो. रुग्ण पहाटे दार उघडून निघून जाऊ नये, गॅस सुरू ठेवू नये, एकच औषध दोनदा घेऊ नये, यासाठी अहोरात्र कोणीतरी जवळ लागते. आपल्याकडे ते काम बहुधा पत्नी अथवा सून करते, त्यामुळे तो खर्च कोणाच्या हिशेबातच येत नाही.

आपला सर्वसाधारण आरोग्यविमा हा मुख्यतः रुग्णालयातील उपचारांचा विमा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील मनोविकाराच्या व्याख्येत स्मृतीच्या गंभीर विकृतीचाही उल्लेख असून, अशा विकारांस शारीरिक व्याधींच्या बरोबरीने विमासंरक्षण असावे, असे कलम २१ सांगते. आयुष उपचारांसही अन्य उपचारांच्या बरोबरीने संरक्षण देण्याचा निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु घरी ठेवलेल्या परिचारकाचे वेतन त्यांतून मिळत नाही.

परिचर्येसाठी स्वतंत्र, सक्तीचा विमा जर्मनीने १९९५ मध्ये सुरू केला. त्याचा इतिहास वैद्यांनी जाणण्याजोगा आहे. प्रारंभी पहिल्या श्रेणीसाठी दररोज किमान ९० मिनिटांचे साहाय्य आवश्यक असे आणि त्यांतील ४५ मिनिटांहून अधिक वेळ स्नान, भोजन, शौच, हालचाल यांसाठी लागावा, असा दंडक होता. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण तर आपल्या हाताने जेवतो; जेवलो, हेच विसरतो. घड्याळाने मोजता त्याची गरज अल्प भरे. मधल्या काळात पूरक तरतुदी झाल्या, पण मापच बदलले ते २०१७ मध्ये. मिनिटे गेली, पाच श्रेणी आल्या आणि स्थल-कालाचे भान, स्मृती, वर्तन, रात्रीची अस्वस्थता यांचीही गणना होऊ लागली. शारीरिक दुर्बलतेची श्रेणी आधीच मिळालेल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना नव्या क्रमात दोन पायऱ्या वर घेण्यात आले. घरीच सांभाळ करणाऱ्या कुटुंबास रोख रक्कमही घेता येते. मात्र हा विमाही सर्व खर्च उचलत नाही.

धी, धृति आणि स्मृति यांचा वेगवेगळा विचार करणाऱ्या शास्त्राचे आपण अनुयायी. आणि आपला केसपेपर मात्र ‘स्मृतिभ्रंश, सारस्वतारिष्ट’ एवढ्यावर संपतो! रुग्ण स्वतः काय करू शकतो, कशासाठी लक्ष ठेवावे लागते, लक्षणे केव्हापासून आहेत, हे प्रत्येक भेटीत तारखेसह लिहावे. मेंदूविकारतज्ज्ञाचे अथवा मनोविकारतज्ज्ञाचे निदान सोबत जोडावे. रुग्णालयातील दाव्याच्या वेळी व्याधी पॉलिसीपूर्वीची की नंतरची, असा वाद निघाल्यास ही नोंद महत्त्वाचा पुरावा ठरते. औषधालयचालकांनी बिलावर रुग्णाचे नाव व वैद्याचे नाव अवश्य घालावे, पण घरी घेतलेल्या प्रत्येक औषधाचे पैसे परत मिळतील, अशी आशा ग्राहकास दाखवू नये. पॉलिसी घेताना विस्मृतीची तक्रार लपवून, पुढे मागील तारखेचा दाखला मागण्यास येणारे आप्तही भेटतात. तो दाखला देऊ नये.