विश्लेषण : चेलोचा मास्टरक्लास – आठवडाभरात तरुण वादकाला नेमके काय मिळते?

जर्मनीत फ्रँकफर्टजवळ क्रोनबेर्ग नावाचे छोटे शहर आहे. १९९३मध्ये तिथे स्थापन झालेल्या क्रोनबेर्ग अकादमीमुळे हे शहर जगभरातल्या चेलोवादकांच्या ओळखीचे झाले. अशा ठिकाणी होणाऱ्या मास्टरक्लाससाठी तरुण वादक दूरदूरच्या देशांतून येतात. दिवस मोजकेच असतात आणि नामवंत गुरूसमोर बसायला मिळणारा वेळ तर काही तासांचाच. तंत्र पक्के व्हायला वर्षे लागतात, मग इतक्या कमी वेळात काय साधते? तंत्र आणि कलाविचार एकत्र शिकवण्याचा आग्रह का धरला जातो?

चेलो हे वाद्य कसे आहे?

चेलो हे व्हायोलिनच्याच घराण्यातले, पण बरेच मोठे वाद्य. खुर्चीवर बसून ते दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरतात. खालची धातूची दांडी जमिनीवर टेकलेली असते. चार तारा असतात आणि प्रत्येक तार शेजारच्या तारेपासून पंचमाच्या अंतरावर लावलेली असते. सर्वांत खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६५ कंपने देते, तर सर्वांत वरची २२०. माणसाच्या आवाजाचा बराचसा पल्ला या वाद्यात सामावतो. चेलो ‘गातो’ असे म्हणतात ते त्यामुळेच.

हे गाणे हाताला मात्र सोपे नाही. व्हायोलिनवर हात न हलवता एकाच तारेवर पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत ‘सा’ ते ‘म’ एवढे अंतर सहज मिळते. चेलोच्या खालच्या भागात तेवढ्याच चार बोटांत ‘सा’ ते कोमल ‘ग’ एवढेच मावते. शुद्ध ‘ग’ हवा असेल तर पहिले बोट ताणून मागे न्यावे लागते किंवा सगळा हातच सरकवावा लागतो. उंच स्वरांसाठी तर अंगठाही तारेवर आडवा ठेवतात. पट्टीवर पडदे नसल्यामुळे सूर नेमका कुठे आहे, हे कान आणि हातालाच ठाऊक असावे लागते.

गजाचे काम त्याहून अवघड. आवाज तीन गोष्टींवर ठरतो : गजाचा वेग, तारेवर पडणारे हाताचे वजन आणि गज घोडीपासून किती अंतरावर फिरतो ते ठिकाण. यातली एक बदलली की उरलेल्या दोन सांभाळाव्या लागतात. शिवाय गजाचे मुठीकडचे टोक जड आणि दुसरे हलके असते. त्यामुळे गज बाहेर ओढत नेला की आवाज आपोआप क्षीण होत जातो. तो भरलेला ठेवायचा असेल, तर वादकाला हाताचे वजन हळूहळू वाढवावे लागते.

मास्टरक्लास म्हणजे काय? साध्या शिकवणीपेक्षा तो वेगळा कसा?

या प्रकाराची परंपरा साधारणपणे पियानोवादक फ्रांझ लिस्टपासून सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकात वायमार इथे ते शिष्यांना एकत्र बसवून शिकवत. एक वाजवी, बाकीचे ऐकत. आजही रचना तीच आहे. विद्यार्थी तयार केलेली रचना वाजवतो, गुरू ऐकतात, मग तिच्यातल्या काही जागांवर काम होते. हे सगळे इतर विद्यार्थ्यांसमोर, अनेकदा प्रेक्षकांसमोरही घडते. बहुतेक ठिकाणी प्रवेशासाठी आधी ध्वनिमुद्रण पाठवावे लागते. काही जण वाजवणारे, तर काही फक्त ऐकणारे म्हणून घेतले जातात. सोबतीला पियानोवादक असतो आणि शेवटी बहुधा विद्यार्थ्यांची मैफल होते.

विद्यार्थ्याला घरी त्याचा नेहमीचा शिक्षक असतोच. मास्टरक्लासचा गुरू त्याची जागा घेत नाही. तो एक ताजा कान असतो. रोज ऐकणाऱ्याच्या कानाला सवयीने खटकेनासे झालेले दोष त्याला चटकन दिसतात.

तंत्र आणि कला वेगळी शिकवली तर काय बिघडते?

याचे उत्तर पाब्लो कासाल्स यांच्या आयुष्यात सापडते. कासाल्स यांचा जन्म १८७६चा, स्पेनमधल्या कातालोनियातला. त्यांच्या लहानपणी चेलो शिकणाऱ्या मुलांना उजव्या काखेत पुस्तक धरून गज चालवायला लावत. कोपर अंगाला चिकटलेले राहावे, हा हेतू. कासाल्स यांनी ही पद्धत झुगारली आणि हात खांद्यापासून मोकळा केला. डाव्या हाताच्या बाबतीत, सतत हात सरकवण्याऐवजी बोटे ताणून स्वर गाठण्यावर त्यांनी भर दिला. हे वरवर तांत्रिक बदल वाटतात. पण त्यामागचे कारण सांगीतिक होते : काख बांधलेली असेल तर लांब ओळ एका श्वासात म्हणता येत नाही आणि हात पदोपदी उडत असेल तर स्वरांचा धागा तुटतो.

गायनाशी ओळख असलेल्या वाचकाला ‘दमसास’ या शब्दाने हे लगेच कळेल. चेलोवादकाचा गज हाच त्याचा श्वास. एक लांब स्वर हळूहळू वाढवत न्यायचा असेल आणि सुरुवातीलाच अर्धा गज खर्च झाला, तर स्वर भरात येण्याच्या वेळी गजच उरत नाही. विद्यार्थ्याला ‘जास्त भावपूर्ण वाजव’ असे सांगून उपयोग होत नाही. ‘पहिल्या दोन मात्रांत गज हळू ने, वजन नंतर वाढव’ असे सांगितले तर तीच जागा उमलते. उलट, ‘गज वाचव’ एवढेच सांगितले आणि ओळ कुठे पोहोचायची आहे ते सांगितले नाही, तर विद्यार्थी फक्त कंजूषपणे वाजवतो. दोन्ही सूचना एकत्र आल्या तरच त्यांना अर्थ येतो.

बाखच्या सुईट्स प्रत्येक वर्गात का असतात?

योहान सेबास्टियन बाख यांनी १७२०च्या सुमारास एकट्या चेलोसाठी सहा सुईट्स लिहिल्या. कासाल्स यांना त्यांची छापील प्रत वयाच्या तेराव्या वर्षी बार्सिलोनातल्या एका दुकानात सापडली. पुढे १९३६ ते १९३९ या काळात त्यांनी या सहाही सुईट्स ध्वनिमुद्रित केल्या आणि सरावाचे धडे समजल्या जाणाऱ्या या रचना जगभरच्या मैफलींत पोहोचल्या.

गंमत अशी की, बाख यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातली प्रत आज उपलब्ध नाही. उरल्या त्या इतरांनी केलेल्या नकला. त्यातली एक बाख यांची पत्नी आना माग्दालेना यांची. किती स्वर एका गजात घ्यायचे हे दाखवणाऱ्या कमानी या नकलांमध्ये सारख्या नाहीत, काही ठिकाणी तर त्या नेमक्या कोणत्या स्वरांवर आहेत हेही कळत नाही.

म्हणजे पहिल्या सुईटच्या पहिल्याच ओळीत विद्यार्थ्याला ठरवावे लागते : तीन स्वर एका गजात घ्यायचे, चार की आठ? आठ घेतले तर प्रवाह मिळतो, पण खर्जाचा स्वर उठून दिसत नाही. तीन घेऊन पुढचे सुटे वाजवले तर नाचाची लय जाणवते, पण हात अवघड वळणावर येतो. इथे हाताचा प्रश्न कुठे संपतो आणि कलेचा कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. म्हणूनच चांगला गुरू तयार उत्तर देत नाही. तो तिन्ही प्रकारे वाजवायला लावतो आणि ‘तुला यातले कोणते हवे आणि का?’ असे विचारतो. कोणत्याही सुईटला हाच प्रश्न पुन्हा सोडवायची सवय लागली, तर ती आठवड्याची खरी कमाई.

लोकांसमोर चुका दाखवण्यात अर्थ काय?

कासाल्स १९५०च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटला उन्हाळी वर्ग घेत. १९६०मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी, त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले परिसरात घेतलेले वर्ग चित्रित झाले. ते आजही अभ्यासले जातात. दुसऱ्याला दिलेली सूचना ऐकताना माणूस घाबरलेला नसतो, म्हणून ती जास्त मुरते. दहा जणांच्या वर्गात प्रत्येक जण एकदा वाजवतो आणि नऊ वेळा ऐकतो. शिकण्याचा मोठा भाग या ऐकण्यात असतो.

धोकाही इथेच आहे. प्रेक्षक असले की गुरूला टाळीची वाक्ये सुचतात आणि विद्यार्थ्याचा काही मिनिटांत पाणउतारा होऊ शकतो. सोळा-सतरा वर्षांच्या वादकाला तो घाव पुढे प्रत्येक रंगमंचावर आठवतो. दुसरा धोका शरीराचा. घरी दोन तास वाजवणारा मुलगा इथे अचानक सहा तास वाजवू लागला, त्यात नवी पकड शिकू लागला, तर अंगठा, मनगट किंवा खांदा दुखावतो. गज धरण्याची पद्धत मुळापासून बदलणे हे आठवड्याचे काम नाही. जाणकार गुरू अशा वेळी दिशा दाखवून पुढचे काम घरच्या शिक्षकावर सोपवतात. दुखत असेल तर थांबायचे, हे सांगणेही शिकवण्याचाच भाग.

भारतातल्या विद्यार्थ्यांसाठी याचा अर्थ काय?

भारतात चेलो नवा नाही. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी तो वर्षानुवर्षे वाजवला. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. मूळच्या नेदरलँड्सच्या सास्किया राव-द हास यांनी पंडित हरिप्रसाद चौरसियांकडे तालीम घेतली आणि जमिनीवर बसून वाजवता येईल असा, तरफेच्या तारा असलेला ‘भारतीय चेलो’ घडवला.

तरीही चेलोचे शिक्षक मोजक्या शहरांतच आहेत. परदेशी मास्टरक्लासचा खर्चही केवळ शुल्कापुरता नसतो : विमानात चेलोसाठी बहुधा वेगळ्या आसनाचे तिकीट काढावे लागते. त्यामुळे निवड करताना काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. गुरूसमोर प्रत्यक्ष किती वेळा बसायला मिळेल? सोबतीचा पियानोवादक आहे का? इतरांचे वर्ग ऐकता येतील का? वर्गाचे ध्वनिमुद्रण करण्याची परवानगी आहे का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण घाईत ऐकलेले महिन्याभराने पुन्हा ऐकले की वेगळे कळते.

आपल्याकडची तालीम अनेक वर्षे चालते आणि गुरूच्या सहवासात मुरते. मास्टरक्लास तिला पर्याय नाही. तयार रचना, रोजचा रियाज आणि घरी परतल्यावर तेच काम पुढे नेणारा शिक्षक या तिन्ही गोष्टी असतील, तर त्या आठवड्याचे काम पुढची दोन-तीन वर्षे पुरते. त्या नसतील तर हाती उरते ते फक्त प्रमाणपत्र आणि गुरूसोबतचा फोटो.